कोब्यावरचं पाऊल : पाच वर्षांच्या मुलाला "डायनासोर होते" हे कसं कळलं

पार्श्वभूमी

मी लालबाग-परळ भागात एका मराठी बालवाडीत शिकवते, चौदा वर्षं झाली. हे प्रकरण मागच्या वर्षीचं आहे, मुलाच्या आईला विचारूनच लिहितेय, नाव आणि घरातल्या दोन-चार गोष्टी बदलल्यात. आपण त्याला सोनू म्हणू.

सोनू तेव्हा पाच वर्षं दोन महिन्यांचा, मोठ्या शिशूत. घर चाळीत दुसऱ्या मजल्यावर, आई नर्स त्यामुळे ड्यूटी बदलती, बाबा रात्री उशिरा घरी, म्हणजे दिवसभर सोनू आणि आजी. आणि आजी स्वयंपाकात असली की सोनू आणि मोबाईल. आजोबा तो तीन वर्षांचा असताना गेले, फोटो भिंतीवर आहे, हार घातलेला.

याला डायनासोरचं वेड होतं. फुटपाथवरून घेतलेला प्लॅस्टिकचा सेट, त्यातला एकेक झोपताना उशाशी. नावं तीसच्या वर पाठ, मला स्वतःला न येणारी. पॅकीसेफॅलोसॉरस हे नाव मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं. आई कौतुकाने सांगायची की टीचर याला सगळं येतं, आणि मलाही तसंच वाटत होतं, ते चुकीचं होतं पण ते कळायला वेळ लागला.

अडचण कुठे आली

दिवाळीच्या सुट्टीत बाबा त्याला एका मॉलमध्ये घेऊन गेले, तिथे हलणारे, डरकाळ्या फोडणारे डायनासोर लावले होते. तिथे तो खुश होता म्हणे, फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवसापासून गॅलरीच्या टोकाच्या संडासात एकटा जाईना. आधी आजी दाराशी उभी राहायची, मग आजी आत पण हवी, मग रात्री उठून रडणं, आणि दोन वर्षांपूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं.

शाळेत मी विचारलं, डायनासोर कुठे असतात रे? तो म्हणाला, "अमेरिकेत. आणि जंगलात. आणि मॉलमध्ये झोपलेले असतात, बटण दाबलं की उठतात." मी म्हटलं आत्ता आहेत? तो म्हणाला हो मग.

मग मी घरी कोण काय सांगतं ते विचारलं, आणि मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच होती. बाबा म्हणाले होते, "अरे ते खोटे असतात, घाबरतोस काय." आई म्हणाली होती, "सगळे मेले रे बाळा, कधीच मेले." आजीने सांगितलं होतं की ते राक्षस होते, माजले म्हणून देवाने मारले. आणि मोबाईलवर तो जे व्हिडिओ बघायचा त्यात एक माणूस डायनासोरच्या पुढे धावतोय, म्हणजे माणूस आणि डायनासोर एकाच वेळी. एका खोलीत चार उत्तरं, आणि त्यातली तीन तर प्रेमानेच दिलेली. त्या पोराने चारही जोडून स्वतःचं एक उत्तर बनवलं होतं, मेलेले आहेत पण उठतात.

आता थोडं वेळेच्या शब्दांबद्दल सांगते कारण लहान मुलांच्या बाबतीत सगळं तिथेच अडतं. आपण म्हणतो "फार फार वर्षांपूर्वी". मुलाने हे शब्द कुठे ऐकलेले असतात? गोष्टीत. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. म्हणजे "फार वर्षांपूर्वी" म्हटलं की त्याच्या डोक्यात ते गोष्टीच्या कप्प्यात जातं, खरं-खोटंच्या पलीकडे. दुसरं म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा "काल" हा कालचा नसतोच, "काल मी बाळ होतो" असं माझ्या वर्गात दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं. आणि आपल्या भाषेत "परवा" हा शब्द मागेही जातो आणि पुढेही, मोठ्यांना संदर्भावरून कळतं, मुलाने काय करायचं? अशा मुलाला आपण डायनासोर संपून ६ कोटी ६० लाख वर्षं झाली असं सांगतो.

काय काय करता आलं असतं

बाबांचं म्हणणं होतं खेळणी उचलून माळ्यावर टाकायची आणि मोबाईल बंद. मोबाईल कमी करण्याला माझा होकार होता, खेळण्यांना नाही. भीती त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांमुळे नव्हती, उलट झोपताना तोच त्याचा आधार होता, आणि ज्या गोष्टीवर त्याचा एवढा जीव तीच काढून घेतली तर तो बोलायचा बंद झाला असता.

आईचं म्हणणं होतं सोडून द्या, वयाबरोबर जाईल. यात तथ्य होतं. लहान मुलांना एकाच विषयाचं जबरदस्त वेड लागणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, गाड्या, ट्रेन, डायनासोर, आणि बहुतेकांचं ते शाळा सुरू झाल्यावर ओसरतं. पण अंथरूण ओलं होत होतं, रात्री झोप नव्हती, म्हणून नुसतं थांबणं मला पटलं नाही. समुपदेशकाकडे जायचं का हेही बोललो, आणि असं ठरवलं की सहा आठवड्यांत रात्रीचं काही सुधारलं नाही तर जायचंच. ही मुदत आधी ठरवून घेतली हे बरं झालं, नाहीतर "बघू, बघू" करत वर्ष गेलं असतं.

आणि माझा स्वतःचा पर्याय म्हणजे त्याला नीट समजावून सांगायचं. मला वाटलं एवढी नावं येतात म्हणजे पाया तयार आहे. मिशेलीन ची आणि रँडी कोस्की या दोन अमेरिकन संशोधकांचा १९८३ चा एक अभ्यास आहे, साडेचार वर्षांच्या एकाच मुलाचा, त्याला ४० डायनासोर माहीत होते. त्यांनी त्यातले जास्त ओळखीचे २० आणि कमी ओळखीचे २० असे दोन गट केले आणि पाहिलं, तर जास्त ओळखीच्यांमध्ये आपसात धागे जुळलेले होते, हा काय खातो, याला शिंगं का, हा कोणासारखा, आणि तेच त्याच्या जास्त लक्षात राहिले. कमी ओळखीचे सुटे सुटे. मी सोनूला विचारलं की ट्रायसेराटॉप्सला शिंगं कशाला, तर तो म्हणाला "फाईटला". ब्रॅकिओसॉरस काय खातो? "माणसं." तो तर झाडपाला खाणारा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की याच्याकडे तीस नावं आहेत, पण ती धाग्यात न ओवलेल्या मण्यांसारखी आहेत.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

मी हिशोब केला. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. ही ६० किलोमीटर म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षं धरली तर एक किलोमीटर ११ लाख वर्षांचा, एक मीटर ११०० वर्षांचा. सोनूची आजी सत्तरची, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या जरा वर, माझी चार बोटं. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे एका हाताएवढंही अंतर नाही, साधारण दीड वीत. अख्खी आपली माणूसजात साधारण ३ लाख वर्षांची धरली तर २७० मीटर, एक बारा डब्यांची लोकल उभी राहते तेवढं. आणि शेवटचे डायनासोर, टी-रेक्स त्यातलाच, विरारला. स्टेगोसॉरस तर त्यांच्याही कितीतरी आधीचा, १५ कोटी वर्षांपूर्वीचा, तो डहाणूच्याही पुढे. म्हणजे टी-रेक्सने स्टेगोसॉरस कधी पाहिलाच नाही, टी-रेक्स काळाने त्याच्यापेक्षा आपल्या जवळचा. मला स्वतःला हे करताना इतका आनंद झाला की मी रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं.

सोनूची मावशी विरारला राहते, लोकलचा प्रवास त्याच्या अंगवळणी, म्हणून मला वाटलं हे त्याला बरोबर लागू पडेल. वर्गात खडूने रूळ आखले, स्टेशनं लिहिली, चर्चगेटला आम्ही सगळे बसलो, आणि विरारला डायनासोर ठेवला.

पुढच्या रविवारी मावशीकडे जायचं होतं. सोनू दादर स्टेशनवर आडवा झाला. जाणार नाही म्हणजे नाही, तिथे डायनासोर आहेत, टीचरने सांगितलं. आईने मला फोन केला तेव्हा मागे त्याचं रडणं ऐकू येत होतं.

चूक पूर्ण माझी होती. त्याची मूळ अडचणच ही होती की "पूर्वी" आणि "लांब" हे त्याला एकच वाटत होतं, अमेरिकेत आहेत म्हणजे जाता येतं आणि तिकडून येता पण येतं. आणि मी काय केलं, काळाचं अंतर करून दाखवलं, तीच गाठ अजून घट्ट केली. मोठ्यांना आणि चौथी-पाचवीच्या मुलांना हा हिशोब खूप आवडतो, मी नंतर करून पाहिलाय, पण पाच वर्षांच्या मुलाला तो देऊ नये असं माझं आता ठाम मत आहे. ज्या जागी जाता येतं ती जागा काळ म्हणून वापरायची नाही.

दुसरा प्रयत्न : वाघ्या

मी आईची माफी मागायला चाळीत गेले. आजीने चहा टाकला, मी खाली नळाशी चप्पल काढताना बघितलं की कोब्यावर कुत्र्याच्या पावलांचे चार-पाच ठसे आहेत, सिमेंट ओलं असताना कुत्रा गेला असणार. असे ठसे मुंबईत कुठेही दिसतात, मी शंभर वेळा बघितले असतील. आजी म्हणाल्या, "तो आमचा वाघ्या हो बाई. कोबा नवा घातला त्याच दिवशी त्याच्यावरून चालत गेला, गवंडी किती ओरडला." वाघ्या सोनूच्या जन्माआधीच गेलेला.

मी सोनूला खाली बोलावलं आणि विचारलं, हे काय आहे? म्हणाला, भू-भूचा पाय. कुठाय भू-भू? त्याने इकडे तिकडे बघितलं. नाहीये. मग कधी आला होता? गप्प. मग आजींनीच सांगितलं, वाघ्या कसा होता, त्याचा एक कान कसा दुमडलेला होता, तुझा बाबा त्याला पाव घालायचा. सोनूने ठशात बोट घातलं आणि विचारलं, "तो परत येणार?" आजी म्हणाल्या, "नाही रे राजा. गेला तो. पाऊल तेवढं राहिलं." त्याने परत विचारलं, "पण तो खोटा नव्हता?" "खोटा कसा, मी भाकरी घातलीय त्याला."

मी तिथे एक शब्द बोलले नाही. खरा होता, आता नाही, परत येणार नाही, पण त्याची खूण आहे. या चार गोष्टी एकत्र बसायला हव्या होत्या आणि आमच्या चौघांपैकी प्रत्येकाने त्यातली एकेकच दिली होती, तीही अर्धी. दुसरं, आजी आता डायनासोरच्या विरोधात नव्हत्या. राक्षस आणि देव यावर मी मुलासमोर आजींना खोडून काढायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, एका बाजूला टीचर आणि एका बाजूला आजी अशी ओढाताण झाली तर हरतं मूलच. इथे ज्याला पुरावा म्हणतात तो आजींच्या तोंडूनच आला.

मग पुढचे तीन आठवडे वर्गात आम्ही फक्त ठसे केले. कणकेत चमचा, पान, किल्ली, स्वतःचा अंगठा. प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचे. मी ठसा दाखवायचे आणि मुलांनी ओळखायचं कोण येऊन गेलं. डायनासोरचा विषयच काढला नाही, सोनूनेच काढला, बाराव्या-तेराव्या दिवशी, "टीचर, डायनासोरचं पण पाऊल असतं का चिखलात?" असतं, दगड झालेलं असतं म्हटलं. चिखल वाळला, वर अजून चिखल आला, खूप वेळ दाबून राहिला, दगड झाला. थर समजावायला चाळीचाच दरवाजा वापरला, ऑइलपेंट जिथे उडालाय तिथे वरचा निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी. कुठला आधी लावला? मुलं ताबडतोब म्हणतात, सगळ्यात आतला. खालचं ते आधीचं. आकडा एकही नाही, पण क्रम पक्का.

दगड, बेडूक आणि शी

मग मला वाटलं आपल्या इथलं काहीतरी दाखवावं, अमेरिकेतलं नको. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, साधारण २०० फूट उंच काळा कातळ, उभ्या खांबांसारखा, लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला अशा भेगा पडतात, जशा वाळलेल्या चिखलाला पडतात. दख्खनचा हा सगळा लाव्हा डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या आसपासचा. शनिवारी सहा मुलं आणि पालक घेऊन गेलो, आणि सोनू तासभर त्या कातळात हाडं शोधत बसला. मी आधी सांगायला हवं होतं की लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत, जळून जातात, हाडं सापडतात ती गाळात, मातीत. तो हिरमुसला, पण तिथेच मला वरळीचा बेडूक आठवला.

हे बऱ्याच मुंबईकरांना माहीत नसतं. लाव्ह्याचा एक लोट येऊन गेला की मध्ये काही काळ शांत जायचा, तळी व्हायची, त्यांच्या गाळावर परत लाव्हा. वरळीला अशा मधल्या थरात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले, कासवाचे पण. डायनासोर संपल्यानंतरच्या लगेचच्या काळातले मानतात. त्या बेडकाला १८४७ मध्ये शास्त्रीय नाव दिलं रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने, आणि "डायनासोर" हा शब्दही त्यानेच १८४२ मध्ये काढला. सोनूला ओवेनचं काही पडलेलं नव्हतं, पण वरळी त्याला माहीत होती आणि बेडूक पावसात त्याने पाहिलेला. "बेडूक वाचले?" हो वाचले. "मग डायनासोर का नाही?" हा प्रश्न त्याने स्वतःहून विचारला आणि माझ्या मते खरं शिकणं तिथून सुरू झालं.

इथे मला एक निर्णय घ्यावा लागला. मेक्सिकोजवळ आकाशातून पडलेला तो दगड, साधारण १० किलोमीटर रुंद, चर्चगेट ते दादर एवढा, हे सांगायचं का? मी तेव्हा नाही सांगितलं. मूल रात्री घाबरत होतं, त्याला आता आकाशाची भीती नको होती. मी म्हटलं थंडी-गरमी सगळं बदललं, झाडं मेली, खायला मिळालं नाही, आणि फक्त काही छोटे पंखवाले डायनासोर तगले, ते म्हणजे पक्षी. यात खोटं काही नाही, अपुरं आहे. दगडाचं त्याला नंतर मोबाईलनेच सांगितलं, तोपर्यंत तो बरा होता.

पक्ष्यांमुळे एक वेगळीच भानगड झाली, आजींनी रविवारी कोंबडी आणली आणि मी सांगितल्याप्रमाणे पाय दाखवला, खवले आणि नख्या, आणि सोनूने तीन आठवडे चिकन खाल्लं नाही. बाबा माझ्यावर नाराज होते, त्यांचं बरोबर होतं, जेवणाच्या ताटातली गोष्ट घरच्यांना विचारून करायला हवी.

मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलं? शी. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गावाजवळ डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते, त्यात गवताचे अंश सापडले, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्याआधी डायनासोरांच्या काळात गवत होतं असं कोणी फारसं धरत नव्हतं. वर्ग दहा मिनिटं हसत होता. पण सोनू हसून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे ते माणसं नाही खायचे, गवत खायचे." आणि ज्याला शी होते, ज्याला भूक लागते, त्याची राक्षसासारखी भीती वाटत नाही, हे मी त्याच्यात बघितलं. त्याच आठवड्यात तो संडासात एकटा गेला, दार किलकिलं ठेवून, आणि बाहेर येऊन आजीला सांगितलं की माझी पण दगड होणार का.

कुठवर आलो

अंथरूण ओलं होणं पाचव्या आठवड्यापासून कमी झालं आणि संक्रांतीपर्यंत बंद. समुपदेशकाकडे जावं लागलं नाही. पण हे सगळं शिकवण्याने झालं असं मी म्हणणार नाही, त्याच काळात आईची नाईट ड्यूटी संपली, मोबाईल अर्ध्या तासावर आला, त्याचाही हात असणारच.

समज किती आली? चित्रात आधी डायनासोर आणि पळणारा माणूस असायचा, नंतर माणूस गेला, पण कोपऱ्यात वाघ्या आला. उडणारे टेरोसॉर डायनासोर नाहीत हे त्याला पटलेलं नाही. आणि "आजोबा पण दगड होणार का" हा प्रश्न आला तेव्हा मी उत्तर न देता आईकडे पाठवला, कारण घरात मृत्यूबद्दल काय सांगायचं ते घराने ठरवावं. आईने काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परत करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी मी समजवायला बसणार नाही, आठवडाभर फक्त विचारीन आणि ऐकीन. तो कुठले व्हिडिओ बघतो ते त्याच्या शेजारी बसून बघीन. घरातल्या तिघा मोठ्यांना एकदा एकत्र बसवून एकच वाक्य ठरवीन, "खरे होते, आता नाहीत, परत येणार नाहीत." लोकलचा हिशोब कपाटात. आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांकडे जास्त लक्ष देईन, सोनूच्या मागे असताना एक मुलगी महिनाभर विचारत होती की डायनासोर हिरवा होता हे कोणी बघितलं, आणि मी तिला "नंतर सांगते" म्हणत राहिले. तिचा प्रश्न फार चांगला होता. खेळण्यांचे रंग बहुतेक चित्रकाराने मनाने दिलेले असतात, हे तिला मार्चमध्ये सांगितलं, तेव्हा तिचं विचारून संपलं होतं.

शाळा संपायच्या आठवड्यात सोनूने विचारलं, "शिवाजी महाराजांना डायनासोर माहीत होते का?" मी म्हटलं नाही, तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. आपल्या देशातली हाडं जबलपूरला सापडली ती १८२८ मध्ये, महाराजांनंतर खूप वर्षांनी. तो म्हणाला, "पण हाडं खाली होती ना?" होती. "फक्त सांगितलं नव्हतं कोणी." बरोबर. मग जरा वेळ विचार करून म्हणाला की तळमजल्यावर नवीन काकू राहायला आल्यात, त्या रोज वाघ्याच्या पावलावर बादली ठेवतात, त्यांना पण माहीत नसणार, आणि घरी गेल्यावर मी त्यांना सांगून येतो.